महाडला निघण्याआधी कोकणची हवा पाहा

मार्च लागला की सातारा-सांगलीच्या वस्त्यांमध्ये महाडची तयारी सुरू होते. विहारात बैठक बसते, वर्गणी निघते, गाडी ठरते. कुणी ट्रॅव्हल्स करतो, कुणी वडाप, कुणी एस.टी. पकडतो. १९ तारखेच्या रात्री निघायचे, वाई-महाबळेश्वर करत आंबेनळी घाट उतरायचा, नाहीतर कराड-पाटणवरून कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठायचे, आणि २० तारखेच्या सकाळी चवदार तळ्यावर पोचायचे. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, म्हणून आपण जातो. २० मार्च २०२७ ला त्या घटनेची शंभर वर्षे भरतात. शताब्दीला गर्दी नेहमीपेक्षा कितीतरी मोठी असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

या पानावर आम्ही एवढेच विचारतो, की त्या बैठकीत गाडीचे भाडे, बॅनर, निळे झेंडे, नाश्ता हे सगळे विषय होतात. पण येत्या आठवड्यात कोकणात हवा कशी राहणार आहे, हा विषय किती बैठकांत निघतो? आमच्या माहितीत तरी फार थोड्या. आमचे मत असे, की हा विषय बैठकीत पहिला निघाला पाहिजे आणि बाकीचे वेळापत्रक त्यावरून ठरले पाहिजे. कारण गाडीत आजी-मावश्या असतात, तान्ही मुले असतात, बी.पी.-शुगरच्या गोळ्या खाणारे तात्या-आण्णा असतात. त्यांना नेणे जसे समितीचे काम आहे, तसे त्यांना धडधाकट परत आणणेही समितीचेच काम आहे.

माणच्या उन्हाची सवय महाडला का उपयोगी पडत नाही

हा विषय काढला की पहिले उत्तर ठरलेले येते. "आम्ही माण-खटावची, जत-आटपाडीची माणसं. आम्हाला उन्हाचं काय सांगता?" हे उत्तर नीट तपासू.

आपल्याकडचा माठ घ्या. जतमध्ये उन्हाळ्यात माठातले पाणी दातांना कळ येईल इतके गार होते. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, कोरडी हवा ते शोषून घेते, आणि पाणी उडून जाताना माठातली उष्णता बरोबर घेऊन जाते. तोच माठ कोकणात नेऊन ठेवा. तो पाझरतो, बाहेरून ओला दिसतो, पण आतले पाणी तितके गार होत नाही. कारण तिथल्या हवेत आधीच ओलावा भरलेला असतो. तिला आणखी पाणी लवकर घेता येत नाही.

आपले शरीर हा असाच माठ आहे. घाम येणे म्हणजे गार होणे नव्हे. घाम सुकला तर अंग गार होते. जतच्या उन्हात घाम येतो आणि लगेच सुकतो, म्हणून आपल्याला घाम आल्याचेही कळत नाही. महाडच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो, कपडे चिकटतात, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. पाणी आणि मीठ मात्र जायचे ते जातेच. म्हणून कोकणातले ३५ अंश हे आटपाडीच्या ३८ अंशांपेक्षा जड जाऊ शकतात. फोनवरचा आकडा लहान दिसतो आणि माणूस फसतो.

दुसरी गोष्ट, उन्हाची सवय ही जन्मभराची ठेव नसते. उन्हात रोज थोडे थोडे काम केले, की साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर त्याला सरावते. हिवाळ्यात तो सराव मोडतो. २० मार्चला उन्हाळा नुकताच सुरू झालेला असतो. आपल्या अंगाने अजून आपल्या गावचे ऊनही पुरते ओळखलेले नसते. त्यात आपण काय करतो? रात्रभर जागरण करून महाबळेश्वरच्या साडेचार हजार फुटांवरच्या गारव्यातून दीड-दोन तासांत जवळजवळ समुद्रपातळीवर उतरतो, आणि सकाळी दहाला उघड्या रस्त्यावर रांगेत उभे राहतो. झोप नाही, पोटात धड अन्न नाही, पाणी कमी. अशा शरीराला माणच्या उन्हाची सवय काय वाचवणार?

मार्चमधला कोकण फसवा असतो

कोकणात दिवसा समुद्रावरून वारा येतो. समुद्र जमिनीइतका लवकर तापत नाही, म्हणून हा वारा किनारा सांभाळतो. मुंबई-रत्नागिरीला मार्चमध्ये दुपारचे तापमान साधारण ३२-३३ अंशांच्या आसपास राहते, ते या वाऱ्यामुळे. पण मार्चमध्ये अनेकदा पूर्वेकडून, म्हणजे आपल्या घाटमाथ्यावरून, कोरडे तापलेले वारे जोराने खाली उतरतात. घाट उतरताना ते आणखी तापतात. समुद्राचा वारा मग दुपारपर्यंत आत शिरूच शकत नाही, आणि एका-दोन दिवसांत पारा ३८-४० कडे चढतो. महाड तर किनाऱ्यावरही नाही. सावित्री नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत आहे. समुद्राचा वारा तिथे पोचेपर्यंत उशीर होतो, ओलावा मात्र असतो. म्हणजे गेल्या वर्षी २० मार्च सुसह्य गेला म्हणून यंदाही तसाच जाईल, असे धरून चालता येत नाही. २०२२ चा मार्च महिना देशभरात कमाल तापमानाच्या सरासरीने १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च ठरला होता. उन्हाळा आता एप्रिलची वाट पाहत नाही.

हवामान खात्याने हा फरक ओळखलेला आहे. उष्णतेची लाट ठरवताना त्यांनी तीन वेगळे आकडे धरले आहेत. मैदानी भागात ४० अंश, डोंगराळ भागात ३० अंश, आणि किनारपट्टीवर ३७ अंश. किनाऱ्यावर पारा ३७ किंवा त्यावर गेला आणि तो तिथल्या नेहमीच्या तापमानापेक्षा साडेचार अंश वा अधिक चढलेला असला, की ती उष्णतेची लाट. सांगलीच्या माणसाला ३७ हा आकडा किरकोळ वाटतो. कोकणासाठी तो धोक्याचा आकडा आहे.

आणि हे आकडे सावलीतले असतात, हेही लक्षात ठेवावे. हवामान खात्याचा तापमापक हवेशीर पांढऱ्या पेटीत, उन्हापासून झाकून ठेवलेला असतो. डांबरी रस्त्यावर गर्दीत डोक्यावर ऊन घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या अंगाला बसणारा चटका त्या आकड्यात येत नाही.

अंदाज कसा पाहायचा

वस्तीतल्या कोणत्याही नववी-दहावीच्या मुलाला हे काम देता येईल. मात्र एक चूक टाळावी लागेल. फोन आपोआप आपल्याच गावची हवा दाखवतो. आपण मिरजेत बसून मिरजेचे तापमान पाहतो आणि निघतो महाडला. सातारा-सांगली हे हवामान खात्याच्या भाषेत मध्य महाराष्ट्रात येतात. महाड रायगड जिल्ह्यात आहे आणि कोकण-गोवा विभागात मोडते. म्हणून पाहायचा तो रायगड जिल्ह्याचा अंदाज. आणि परतीच्या प्रवासासाठी साताऱ्याचाही, कारण मार्चअखेर घाटमाथ्यावर आणि सांगलीच्या पूर्व भागात वळवाचा पाऊस, विजा, कधी गारा येतात. वीज कडाडत असताना घाटात गाडी थांबवून झाडाखाली उभे राहणे म्हणजे मरणाच्या दारात उभे राहणे.

हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा ढोबळ अंदाज देते. जिल्ह्यांना पुढच्या काही दिवसांचे इशारे रोज देते. त्यात रंग असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच हालचाल करा. पिवळा रंग पाहून "एवढे काही नाही" म्हणणारे बरेच असतात. धडधाकट तरुणासाठी ते कदाचित खरे असेल. सत्तर वर्षांच्या आजीसाठी, गरोदर बाईसाठी, हृदयाच्या रुग्णासाठी पिवळ्यापासूनच काळजी सुरू होते. "उष्ण व दमट हवामान" हे शब्द दिसले, तर लाटेचा इशारा नसला तरी तो इशाराच समजावा. "तुरळक ठिकाणी" याचा अर्थ "आपल्याकडे होणार नाही" असा नाही. त्या विभागातल्या थोड्या ठिकाणी होईल, आणि ते ठिकाण महाडही असू शकते.

चार-पाच दिवस आधीचा अंदाज बराच भरवशाचा असतो, दहा-बारा दिवस आधीचा ढोबळ. म्हणून बैठकीच्या दिवशी एकदा, १६-१७ तारखेला एकदा आणि निघण्याच्या दिवशी सकाळी एकदा, असे तीनदा पाहावे. तिन्ही वेळचा आकडा आणि रंग विहाराच्या फळ्यावर लिहावा. ज्यांच्याकडे मोठा फोन नाही, त्यांना तो फळ्यावरच दिसेल. हवामान खाते १८७५ पासून या देशात आहे, जनतेच्या पैशावर चालते. त्याने दिलेली माहिती बंगल्यात पोचते आणि पत्र्याच्या खोलीत पोचत नाही, हे आपण का चालू द्यावे?

खारघर विसरता येणार नाही

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक सकाळपासून उघड्या मैदानात बसले होते. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. त्या उन्हाने १४ माणसे गेली. ती श्रद्धेने आलेली, साध्या घरांतली माणसे होती. आमच्या लोकांना ती परकी वाटू नयेत. आपल्याच आया-बहिणींसारखी ती रात्रीच घरातून निघालेली होती. त्या घटनेनंतर ऊन उतरेपर्यंत दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे शासनाने जाहीर केले. माणसे गेल्यावर आलेले शहाणपण ते.

३८ हा आकडा पुन्हा पाहा. विदर्भात या आकड्याला कुणी बातमी म्हणणार नाही. किनाऱ्याजवळ, दमट हवेत, गर्दीत, सावलीशिवाय, तासन् तास बसल्यावर तो जीव घेऊ शकला. महाडलाही हवा तशीच, गर्दी तशीच. आपल्याकडे असे घडायच्या आधी आपण शहाणे झालो, तर त्यात कमीपणा नाही.

"आपले पूर्वज चालत गेले होते"

दुसरे उत्तर भावनेचे असते. "आपली माणसं तेव्हा पायी गेली, त्यांना कुठे छत्री होती? क्रांतीला जाताना ऊन काय बघायचं?" या भावनेचा आम्ही आदर करतो. पण इतिहास काय सांगतो?

महाडच्या मार्च १९२७ च्या परिषदेला आलेल्या आपल्या लोकांना गावात पाणी मिळणार नव्हते. तेव्हा परिषदेच्या व्यवस्थापकांनी काय केले? चाळीस रुपये खर्चून पाणी विकत घेतले. १९२७ चे चाळीस रुपये गरिबांच्या परिषदेसाठी लहान रक्कम नव्हती. म्हणजे क्रांतीला निघालेल्या त्या लोकांनीही आलेल्या माणसाच्या तहानेचा हिशेब आधी मांडला होता. ऊन-तहान सोसणे हा त्यांचा अभिमान नव्हता. ती त्यांच्यावर लादलेली होती, आणि ती संपवायलाच ते तळ्यावर गेले.

साताऱ्याच्या माणसाने तर दुसरी गोष्टही विसरू नये. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान भीमराव भावासोबत आणि भाच्यांसोबत साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले आणि तिथून बैलगाडीने गोरेगावला वडिलांकडे निघाले. वडील तिथे दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदकामावर रोखपाल होते. मुलांजवळ डबा होता. पण त्या पोरांना वाटेत रात्रभर कुणी प्यायला पाणी दिले नाही. बाबासाहेबांनी ही हकिगत पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे. पाण्यावाचून झालेला तो प्रवास आपल्याच जिल्ह्यातला. त्यांच्या नावाने निघालेल्या गाडीत आज एखादे पोर दुपारभर कोरड्या घशाने बसले असेल, तर आपण त्या हकिगतीतून काय शिकलो?

बायका पाणी का पीत नाहीत

एक गोष्ट पुरुषांच्या बैठकीत कधीच निघत नाही, म्हणून ती इथे स्पष्ट लिहितो. प्रवासाला निघालेल्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. कारण वाटेत आणि गर्दीच्या ठिकाणी संडास-मुतारीची सोय नसते, असली तरी पाय ठेववत नाही. तेव्हा नुसते "मावशी, पाणी प्या" म्हणून उपयोग नाही. तोंड उघडायच्या आधी सोय केली पाहिजे. घाट उतरण्याआधी आणि उतरल्यावर गाडी कुठे थांबणार, तिथे बायकांसाठी स्वच्छ जागा आहे का, हे ठरवल्याशिवाय गाडी ठरवू नये. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून महाडला जाणाऱ्या भगिनींची संख्या वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट. एस.टी.ने जाणाऱ्यांनी मोठ्या बसस्थानकावरच उतरून जाऊन यावे, आणि मग पोटभर पाणी प्यावे. समितीत दोन तरी बायका असाव्यात. ही गोष्ट त्या विसरणार नाहीत.

समितीने काय करावे

पहिले, वेळ. पहाटे पाच-सहाला महाड गाठावे, अभिवादन करून साडेनऊ-दहापर्यंत मोकळे व्हावे, आणि अकरा ते चार सावलीत काढावे. सभा ऐकायची असेल तर म्हातारी माणसे आणि मुले यांना मंडपात, कडेला बसवावे. उशीर झालाच तर संध्याकाळी अभिवादन करावे. बाबासाहेबांना केलेले अभिवादन दुपारी बाराचे असले तरच खरे, असे कुठे लिहिलेले नाही.

दुसरे, पाणी. त्या हवेत एका माणसाला दिवसभरात पिण्यासाठी पाच लिटर पाणी धरावे. गाडीत चाळीस माणसे असतील तर दोनशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे दहा जार. हा हिशेब वहीत लिहावा आणि बॅनरच्या खर्चाच्या वर लिहावा. पाणी एकदम तांब्याभर न पिता थोडे थोडे, तहान लागायची वाट न पाहता प्यावे. घाम फार आला तर नुसत्या पाण्याने भागत नाही. ओ.आर.एस.ची पाकिटे आरोग्य केंद्रात मिळतात. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, लहान चमच्याने मोजून. मीठ यापेक्षा वाढवू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी न देता आईचे दूध जास्त वेळा पाजावे. आईने मात्र स्वतः भरपूर पाणी प्यावे.

तिसरे, यादी. गाडीत बसणाऱ्यांपैकी साठीच्या पुढचे, हृदयाचे, मूत्रपिंडाचे, शुगरचे, बी.पी.चे रुग्ण, गरोदर बाया यांची नावे लिहून घ्यावीत आणि प्रत्येकाबरोबर एक तरुण नेमावा. काही गोळ्यांनी लघवी वाढते, मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. अशांना ऊन लवकर बाधते. निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. गोळी स्वतःहून बंद करू नये. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी तेच मोज पाळावे आणि नारंगी-लाल इशारा असेल तर यंदा घरीच थांबावे. आपल्या विहारात बसून केलेले वंदनही वंदनच आहे.

चौथे, गाडी. मालाच्या टेम्पोत माणसे उभी भरून घाट उतरवणे हा तर गुन्हाच, पण पत्र्याच्या त्या डब्यात ऊनही दुप्पट लागते. आणि दारू. शीलाची गोष्ट वेगळी. आरोग्याच्या पानावर एवढेच सांगतो, की दारू शरीरातले पाणी काढून टाकते आणि ऊन लागल्याचे कळू देत नाही. रात्रभर पिऊन दुपारी उन्हात नाचणारा तरुण सगळ्यात आधी पडतो.

कुणी पडले तर

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, पायात गोळे, अंग घामाने डबडबणे, लघवी गडद पिवळी होणे, ही पहिली खूण. माणसाला लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसावे, वारा घालावा, शुद्धीवर असेल तर ओ.आर.एस. घोट घोट पाजावे. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखान्यात न्यावे.

बोलणे असंबद्ध झाले, माणूस ओळखेनासा झाला, झटका आला, शुद्ध गेली, अंग चटका बसेल असे तापले, तर तो उष्माघात. अंगाचा ताप तेव्हा १०४ च्या वर गेलेला असू शकतो. घाम थांबलेला असेलच असे नाही. घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लगेच १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. अंगावर पाणी ओतावे, मान, काखा, जांघा यांवर बर्फ किंवा गार ओली फडकी ठेवावीत, वारा घालत राहावे. तापाची गोळी इथे काम करत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कांदा हुंगवणे, चप्पल हुंगवणे, अंगारा लावणे यात जी दहा मिनिटे जातात, त्याच दहा मिनिटांत माणूस वाचतो किंवा जातो.

महाडनंतरचा उन्हाळा

महाडहून परत आल्यावर उन्हाळा खरा सुरू होतो. १४ एप्रिल येतो. पाठोपाठ वैशाखात बुद्धपौर्णिमा येते. भर दुपारी मोटारसायकलची रॅली, लहान मुलींना नऊवारी नेसवून कडक उन्हात लेझीम, असे प्रकार अजून काही गावांत होतात. मिरवणूक संध्याकाळी साडेपाचनंतर काढली तर जयंतीचा मान कुठेच कमी होत नाही. डीजेला जेवढे पैसे जातात, त्याच्या दहाव्या भागात मिरवणुकीच्या वाटेवर चौकाचौकात पाणी आणि ओ.आर.एस. ठेवता येते. ज्या मंडळांनी हे सुरू केले आहे, त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो.

रोजच्या उन्हाचा प्रश्न याहून अवघड आहे. "अकरा ते चार बाहेर पडू नका" असा सल्ला दरवर्षी येतो. वीटभट्टीवरच्या, उसाच्या फडातल्या, द्राक्षबागेतल्या, रस्त्याच्या कामावरच्या, गटार उपसणाऱ्या आपल्या माणसाने तो कसा पाळायचा? घरी थांबला तर हजेरी बुडते. आणि घर तरी कसले? पत्र्याची खोली दुपारी बाहेरपेक्षा जास्त तापते आणि रात्रीही लवकर निवत नाही. म्हणून हा सल्ला नुसता मजुराला देऊन भागत नाही, तो मालकाला, मुकादमाला आणि नगरपालिकेला दिला पाहिजे. काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवावे, उरलेले चारनंतर घ्यावे, हजेरी पूर्ण धरावी. कामाच्या जागी पाणी आणि सावली असावी. ही दयेची मागणी नाही. माणसाने माणसाला राबवून घ्यायची ही किमान अट आहे.

अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला: इशारा आला की कुणी काय करायचे, दवाखान्यात काय तयार ठेवायचे, पाणपोया कुठे लावायच्या, हे आधीच ठरवून ठेवले. आपल्या नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत असा आराखडा आहे का, त्यात आपल्या वस्तीचे नाव आहे का, टँकर आणि पाणपोई वस्तीपर्यंत येते की मुख्य चौकातच थांबते, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. लेखी विचारा, पोच घ्या. आणि उत्तर येईपर्यंत पत्र्यावर पांढरा चुना मारा. तेवढ्यानेही आतली काहिली कमी होते.

रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या माइकवरून दोन मिनिटांत येत्या आठवड्याची हवा वाचून दाखवावी, अशी आमची प्रत्येक समितीला विनंती आहे. आपल्या जिल्ह्याचे तापमान, इशाऱ्याचा रंग, आणि वस्तीत कोण एकटे, म्हातारे, आजारी आहे त्यांच्याकडे आज कोण जाणार, एवढेच. सुरुवात येत्या रविवारी रायगड जिल्ह्याच्या अंदाजाने करा. गाडीची इसारत त्यानंतर द्या.

जय भीम.